झुलत्या मनोऱ्यांचे उत्तर : फरकांडे ते कोयना, कंपनाच्या आकड्याचा इतिहास

१/
जळगाव जिल्ह्यातील एरंडोल तालुक्यात फरकांडे नावाचे गाव आहे. तेथील विटांच्या दोन मनोऱ्यांची ख्याती अशी, की एका मनोऱ्यात शिरून तो हाताने रेटला असता तो झुलू लागे आणि काही क्षणांत दुसरा मनोराही आपोआप झुले. ‘झुलते मनोरे’ या नावानेच खान्देशात ती वास्तू ओळखली गेली. आज तिची पडझड झाली आहे. मनोऱ्यांच्या त्या उत्तराचा आणि ते आकड्यात वाचण्याच्या विद्येचा हा इतिहास. #थ्रेड

२/
अशा वास्तूविषयी दोन प्रकारची विधाने नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे हा पूर्वजांचा दैवी चमत्कार. दुसरे म्हणजे ही निव्वळ दंतकथा. दोन्ही विधाने अभ्यासाचे दार बंद करतात. मनोरा हलतो याला फारसा अर्थ नाही, कारण प्रत्येक वास्तू थोडीफार हलतेच. खरा प्रश्न असा : तो सेकंदाला किती वेळा हलतो, आणि त्या विशिष्ट गतीला त्याचे हलणे किती मोठे असते?

३/
हा प्रश्न समजण्यासाठी खान्देशाबाहेर जाण्याची गरज नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला झोका बांधतात. झोका उंच नेण्यासाठी प्रचंड जोर लागत नाही. वेळ साधावी लागते. झोका मागे येऊन वळतो त्याच क्षणी दिलेला हलका रेटा त्याला चढवत नेतो. चुकीच्या क्षणी दिलेला मोठा धक्काही वाया जातो. पदार्थविज्ञान याला अनुनाद म्हणते.

४/
झोक्याची वेळ कोण ठरवते? बसणारीचे वजन नव्हे, तर दोराची लांबी. चार मीटर दोराच्या झोक्याला एक हेलकावा पूर्ण करण्यास सुमारे ४ सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला पाव हेलकावा, ०.२५ हर्ट्झ. ही त्या झोक्याची नैसर्गिक वारंवारता. मनोऱ्यालाही अशी वारंवारता असते. ती उंचीवर, जाडीवर, विटा आणि चुन्याच्या ताठरपणावर, वस्तुमानावर आणि पायाच्या पकडीवर ठरते. मनोरा आतून रेटणारा माणूस नकळत हीच वारंवारता हाताने शोधत असतो.

५/
आता दुसऱ्या मनोऱ्याचे कोडे. सतार किंवा सारंगी ऐकणाऱ्यांना तरफांच्या तारा ठाऊक असतात. मुख्य तार छेडली की तिच्याशी जुळलेली तरफेची तार कोणी न छेडता झंकारते, आणि न जुळलेली गप्प राहते. दोघींमध्ये दुवा असतो तो घोडीचा. म्हणजे उत्तर मिळण्यासाठी दोन अटी आहेत : दोन्ही वस्तूंची वारंवारता जवळपास सारखी हवी आणि दोघींना जोडणारे काहीतरी हवे.

६/
युरोपात ही गोष्ट ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये टिपली. आजारपणात खोलीत पडून असताना शेजारी टांगलेल्या दोन लंबकाच्या घड्याळांकडे त्याचे लक्ष गेले. दोन्ही लंबक एकाच तालात, परंतु परस्परविरुद्ध दिशांना हलत होते. ताल मुद्दाम बिघडवला तरी अर्ध्या तासाच्या आत तो पुन्हा जुळे. दोन्ही घड्याळे ज्या आधारावर टांगली होती त्याची अतिसूक्ष्म हालचाल हे त्याचे कारण, असा निष्कर्ष त्याने पुढे काढला.

७/
घड्याळे स्वतःच्या बळावर चालतात, मनोरे नाही. तरीही सामाईक आधाराचे तत्त्व तेच. फरकांडे एकटे नाही. अहमदाबादेत सिदी बशीर मशिदीचे मनोरे आणि गोमतीपूरच्या राज बीबी मशिदीचे मनोरे याच गुणासाठी प्रसिद्ध आहेत. इराणमधील इस्फहान येथे चौदाव्या शतकातील ‘मनार जुंबान’ आहे. त्या नावाचा अर्थच हलणारे मनोरे. जोडीतील दोन्ही मनोरे आकाराने सारखे असावेत आणि खालच्या बांधकामाने एकमेकांशी जोडलेले असावेत, ही या गुणाची मूळ गरज आहे.

८/
जोडलेल्या दोन सारख्या मनोऱ्यांना वस्तुतः दोन वारंवारता असतात, हे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे सूत्र. एकीत दोघे एकाच दिशेला झुकतात. दुसरीत परस्परविरुद्ध दिशांना. या दोन वारंवारतांमध्ये किंचित फरक असतो. एक मनोरा हलवला की दोन्ही चाली एकदम सुरू होतात आणि त्या किंचित फरकामुळे हालचाल हळूहळू दुसऱ्या मनोऱ्याकडे सरकते, मग परत पहिल्याकडे येते. पाहणाऱ्याला वाटते, दुसऱ्याने उत्तर दिले.

९/
हाताला हे सारे जाणवते; परंतु हाताने घेतलेला अनुभव मागे उरत नाही. ‘पूर्वी अधिक हलायचा’ असे वृद्धांनी सांगितले तर त्याची पडताळणी कशाने करायची? किती अधिक, कोणत्या गतीला अधिक? अनेक कंपने एकत्र मिसळलेली असताना त्यांतून नेमकी एक वारंवारता वेगळी काढून तिचे मान वाचणे, ही विद्या हवी. ती विद्या एकोणिसाव्या शतकात आकार घेऊ लागली.

१०/
पहिले साधन होते एक पोकळ गोळा. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने संगीतातील स्वरांवरचा आपला ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने वेगवेगळ्या आकारांचे पोकळ गोळे वापरले. गोळ्याचे निमुळते टोक कानात धरले, की संमिश्र आवाजातील फक्त एकच स्वर, त्या गोळ्याचा स्वर, मोठा ऐकू येई. वारंवारता निवडणे म्हणजे गोळा निवडणे. मान मात्र कानच ठरवत असे. कागदावर आकडा उतरत नव्हता.

११/
आकडा उतरला तो समुद्रामुळे. भरती-ओहोटी हेही एक कंपनच, फक्त अतिमंद. चंद्राचा मुख्य घटक सुमारे १२ तास २५ मिनिटांचा, सूर्याचा १२ तासांचा. येथे वारंवारता आधीच ठाऊक होत्या, कारण त्या आकाशातून येत होत्या. शोधायचे होते ते त्या निवडलेल्या वारंवारतांवरील मान. मुंबईच्या अपोलो बंदरावरील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. भारतीय बंदरांची भरतीची कोष्टके काढण्यासाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली खास यंत्रही तयार झाले.

१२/
या यंत्रातील प्रत्येक चाक म्हणजे एक निवडलेली वारंवारता. बंदराच्या नोंदींतून काढलेली माने चाकांना द्यायची आणि सर्वांची बेरीज दोरीने करून पुढील वर्षाची भरती काढायची. त्यामागील कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, याची. मुंबईत जहाज गोदीत कधी शिरेल हे ज्या गणिताने ठरले, तेच गणित आज यंत्राच्या बेअरिंगची खरखर वाचते. फरक केवळ गतीचा.

१३/
विसाव्या शतकाच्या प्रारंभी वीजघरांत आणखी एक देखणे साधन आले : हेर्मान फ्राम या जर्मन अभियंत्याचा पोलादी पट्ट्यांचा मापक. एका ओळीत लहान पट्ट्या, प्रत्येकीची नैसर्गिक वारंवारता थोडी वेगळी. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर ५० ची पट्टी थरथरून रुंद दिसते, शेजारच्या जवळजवळ स्थिर राहतात. आखाजीचे वेगवेगळ्या लांबीचे झोके एकाच फांदीला टांगून फांदी हलवावी, तसे हे यंत्र. ही ओळ ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

१४/
यानंतर पट्ट्यांची जागा गणिताने घेतली. कोणतेही गुंतागुंतीचे कंपन साध्या आंदोलनांची बेरीज म्हणून मांडता येते, हा जोसेफ फूरिए याचा विचार १८२२ च्या त्याच्या ग्रंथात होता. अडचण आकडेमोडीच्या डोंगराची होती. १९५८ मध्ये गेराल्ड गर्टझेल याने एकाच निवडलेल्या वारंवारतेचे मान थोडक्यात काढण्याची रीत दिली. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी सर्व वारंवारतांची माने एकदम आणि झपाट्याने काढण्याची रीत प्रसिद्ध केली. आजचे ध्वनी-कंपन विश्लेषणाचे प्रत्येक सॉफ्टवेअर या वारशावर उभे आहे.

१५/
सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर मान असा आलेख दिसतो. हव्या त्या वारंवारतेवर उभी रेघ नेली की आकडा मिळतो. हे सोपे दिसते. परंतु आलेख अखंड नसतो, तो ठरावीक अंतरावरच्या बिंदूंचा असतो. हे अंतर नोंदीच्या कालावधीवर ठरते. एक सेकंदाच्या नोंदीत बिंदू १ हर्ट्झ अंतरावर, १० सेकंदांच्या नोंदीत ०.१ हर्ट्झ अंतरावर. अधिक बारकाईने पाहायचे तर अधिक वेळ ऐकावे लागते. यातून पळवाट नाही.

१६/
खरी वारंवारता दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये पडली तर? नोंदीवर कोणताही संस्कार केला नसेल तर जवळच्या बिंदूवरील मान खऱ्यापेक्षा सुमारे ३६ टक्के कमी दिसते. नोंदीच्या दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणणारी ‘हॅनिंग’ खिडकी वापरल्यास ही तूट सुमारे १५ टक्क्यांवर येते. केवळ अचूक मानासाठी बनवलेली ‘फ्लॅट टॉप’ खिडकी ती जवळजवळ मिटवते, पण त्या बदल्यात शेजारच्या वारंवारता एकमेकींत मिसळतात. म्हणून नोंदीचा कालावधी आणि खिडकी न सांगता दिलेला आकडा अपुरा असतो. इतिहासाच्या परिभाषेत सांगायचे तर तो संदर्भाविना उतरवलेला उतारा होय.

१७/
आता हे फरकांड्याच्या मनोऱ्यांना लावून पाहू. उदाहरणादाखल धरू, की हालचाल पहिल्या मनोऱ्यातून दुसऱ्यात जाऊन परत पहिल्यात येण्यास १० सेकंद लागतात. मग त्यांच्या दोन वारंवारतांतील फरक ०.१ हर्ट्झ ठरतो. पाच सेकंदांच्या नोंदीत बिंदू ०.२ हर्ट्झ अंतरावर असतील. दोन्ही शिखरे एकात मिसळतील आणि पडद्यावर एकाच साध्या मनोऱ्याचे चित्र दिसेल. ज्या गुणासाठी वास्तू प्रसिद्ध, तोच गुण घाईच्या मोजणीत नाहीसा होतो. दीर्घ नोंद घेतली तरच दोन शिखरे वेगळी होतात.

१८/
हीच विद्या खान्देशात आज रोज वापरली जाते, हे फारसे ध्यानात येत नाही. भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. ५० हर्ट्झची वीज देणारे तेथील टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते. कंपन तपासणारा प्रथम ५० हर्ट्झवरील मान पाहतो. ते वाढले तर फिरत्या भागाचा तोल गेल्याची शंका. १०० हर्ट्झवर वाढले तर जोडलेले दांडे एका रेषेत नसल्याची. फेऱ्यांच्या निम्म्याहून थोड्या कमी वारंवारतेवर वाढले तर बेअरिंगमधील तेलाची भोवऱ्यासारखी चाल. आजार एकच दिसतो, थरथर. निदान मात्र वारंवारता निवडल्यावर होते.

१९/
धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. तेथे प्रश्न मनोऱ्याच्या अधिक जवळचा. पाती मिनिटाला १५ फेरे घेत असतील तर फेऱ्याची वारंवारता ०.२५ हर्ट्झ, म्हणजे चार मीटर दोराच्या झोक्याएवढीच. आणि तीन पाती खांबासमोरून जातात म्हणून ०.७५ हर्ट्झचा दुसरा रेटा. खांबाची नैसर्गिक वारंवारता या दोन्हींपासून दूर ठेवावी लागते. फरकांडे येथे जो अनुनाद कौतुकाचा विषय झाला, तोच ब्राह्मणवेल येथे टाळण्याचा विषय आहे.

२०/
टाळता न आलेल्या रेट्याचे महाराष्ट्रातील मोठे उदाहरण म्हणजे कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले. मात्र धरणात बसवलेले भूकंपमापक यंत्र त्या क्षणी चालू होते. गुरुत्व त्वरणाच्या ०.६३ पटीपर्यंत गेलेली ती नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांची पाठ्यवस्तू झाली.

२१/
त्या नोंदीत अनेक वारंवारता मिसळलेल्या होत्या. बर्कले येथील विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने धरणाची स्वतःची वारंवारता गणिताने काढली. ती सेकंदाला तीन आंदोलनांच्या आसपास येते. भूकंपाने त्या परिसरात किती रेटा दिला हे पाहून धरणाच्या वरच्या भागात ताण कोठे साचला असेल, याचा हिशेब मांडता आला. तो प्रत्यक्ष तड्यांच्या जागेशी जुळला. काँक्रीटमध्ये उमटलेला पुरावा आणि कागदावरची नोंद यांची येथे परस्परांशी साक्ष पटली.

२२/
यामागील साधनाला प्रतिसाद वर्णपट म्हणतात. मॉरिस बिओ याने ती कल्पना १९३२ च्या सुमारास मांडली. वेगवेगळ्या वारंवारतांच्या काल्पनिक झोक्यांची एक ओळ घ्यायची, सर्वांना तोच भूकंप द्यायचा, आणि प्रत्येक झोका जास्तीत जास्त किती गेला ते लिहायचे. फ्रामच्या पोलादी पट्ट्यांचीच ही गणिती ओळ. मग अभियंता आपल्या इमारतीची वारंवारता निवडतो आणि तेवढे एक मान वाचतो. भारतात भूकंपरोधक बांधकामाचे मानक, आय.एस. १८९३, प्रथम १९६२ मध्ये आले. आजच्या घरांचा भूकंप-हिशेब याच वाचनावर चालतो.

२३/
खान्देशालाही हा हिशेब परका नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या परिसरात ६ हून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. मानकाच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत तापी खोऱ्याचा मोठा भाग तिसऱ्या भूकंप-विभागात येतो. विटा-चुन्याच्या जुन्या वास्तूंचे, गढ्यांचे, मनोऱ्यांचे या प्रदेशातील भवितव्य त्यांच्या नैसर्गिक वारंवारतेशी बांधलेले आहे. ते आकडे कागदावर असणे हा कुतूहलाचा भाग नसून संरक्षणाचा भाग आहे.

२४/
झुलत्या मनोऱ्यांच्या बाबतीत दुरुस्तीही घातक ठरू शकते. एका मनोऱ्याच्या विटा निखळल्या किंवा एकावरच सिमेंटचा जाड गिलावा चढला, की त्याचे वस्तुमान आणि ताठरपणा बदलतो, वारंवारता सरकते आणि जोडी बेसूर होते. वास्तू उभी राहते, पण उत्तर देणे थांबवते. अहमदाबादच्या राज बीबी मशिदीचा एक मनोरा इंग्रजी अमदानीत रहस्य शोधण्यासाठी सुटा केला गेला आणि पुन्हा पूर्ववत जोडता आला नाही, असे सांगितले जाते. तरफेची तार तुटली नाही, नुसती उतरली, तरी झंकार जातो, तसेच हे.

२५/
उलट बाजूही आहे. प्रत्येक पाहुण्याने मनोरा रेटून पाहावा, तर प्रत्येक रेट्याला चुन्याचे सांधे थोडे सैल होतात. सांधे सैल झाले की वारंवारता खाली येते. म्हणजे वारंवारतेतील घट ही भेगा डोळ्यांना दिसण्यापूर्वीची सूचना ठरू शकते. आता त्यासाठी मनोरा रेटण्याची आवश्यकताही नसते. वारा, रस्त्यावरची वाहने, जमिनीची नित्य थरथर यांनी वास्तू सदैव किंचित हलत असते. संवेदक ठेवून पुरेसा वेळ शांतपणे नोंद घेतली की तिचा स्वर मिळतो.

२६/
अशा नोंदीत काय असावे? दिनांक आणि वेळ; संवेदक कोठे, किती उंचीवर, कोणत्या दिशेला ठेवला; नोंद किती सेकंदांची; कोणती खिडकी वापरली; कोणत्या वारंवारता निवडल्या आणि प्रत्येकीवर मान किती; दोन मनोरे असतील तर त्या वारंवारतेला ते एकाच दिशेला जातात की विरुद्ध. एवढे लिहिले की तो आकडा शिलालेखासारखा होतो. पन्नास वर्षांनी दुसरा कोणी तेथे उभा राहून तीच वारंवारता निवडील आणि मधल्या काळात वास्तूचे काय झाले ते वाचील.

२७/
कोयनेच्या पहाटेची नोंद उरली, कारण यंत्र आधीपासून तेथे होते. अपोलो बंदराची भरती दीडशे वर्षांनंतरही तुलनेला उपयोगी पडते, कारण कोणीतरी रोज ती लिहून ठेवली. फरकांड्याच्या मनोऱ्यांचे उत्तर मात्र माणसांच्या हातांना जाणवले आणि त्या हातांबरोबर गेले. खान्देशात अजून अनेक जुन्या वास्तू उभ्या आहेत. त्यांचे शिल्प पाहिले जाते, शिलालेख वाचले जातात. त्यांचा स्वरही एकदा लिहून ठेवावा. ती वास्तू पुढे ढासळलीच, तर निदान ती कशी झुलत होती एवढे तरी सांगता येईल.

(समाप्त)